काट्यांची वाट

आम्ही घाटकोपरला राहतो. पूर्वेला, पंतनगरात, चौथ्या मजल्यावर. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा बोलता बोलता दचकून वर पाहतो. आम्ही घरची माणसे मात्र वाक्य मध्येच थांबवतो आणि वरचा आवाज ओसरला, की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. आमच्या डोक्यावरून विमाने जातात. पश्चिमेचा वारा असला, आणि तो वर्षातले बरेच दिवस असतोच, की मुंबईला उतरणारी विमाने ठाण्याची खाडी ओलांडून, आमच्या गच्चीवरून २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे जातात. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे तोंड सरळ मावळतीकडे. चाळीस वर्षे मी त्या विमानांची पोटे पाहत आलो आहे. चाके बाहेर काढलेली, दिवे लावलेली, दर दोन-तीन मिनिटांनी एक.

इतक्या शेजाराने राहणाऱ्या माणसाला विमानाची भीती वाटू नये. मला वाटते. निदान परवापरवापर्यंत वाटत होती.

त्याचे कारण असे झाले. बँकेत असताना एका जुलै महिन्यात कामानिमित्त नागपूरला गेलो होतो. परतताना मुंबईवर पाऊस कोसळत होता. खिडकीबाहेर नुसती राखाडी कालवाकालव. विमान खाली खाली येत होते, हादरत होते, आणि आता चाके टेकणार म्हणून मी पाय घट्ट रोवले, तोच इंजिने अशी काही गर्जली की विचारू नका. नाक वर, पाठ खुर्चीला, पोट कुठेतरी मागे राहिलेले. विमान पुन्हा ढगात. मागच्या रांगेतल्या बाई मोठ्याने रामरक्षा म्हणू लागल्या आणि मला नेमकी त्याच वेळी ती आठवेना. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसऱ्या खेपेला आम्ही सुखरूप उतरलो. वैमानिकाने काय ते एका वाक्यात सांगितलेही, पण ऐकतो कोण? त्या रात्री घरी येऊन मी जाहीर केले, की यापुढे प्रवास रेल्वेने.

रेल्वे पुष्कळ ठिकाणी जाते, पण पिट्सबर्गला जात नाही. आमची लेक तिथे असते. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात तिचे बाळंतपण होते. दोघांनी जायचे ठरले, पासपोर्ट झाले, व्हिसा झाले, आणि मला एकाएकी आठवले, की नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सौ. म्हणाली, "अहो, तो आता घरबसल्या देता येतो." मग मला सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवली. मग बाथरूमची गळती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही बोलली नाही. नोव्हेंबरअखेर ती एकटी गेली. नातवाचे बारसे मी फोनच्या पडद्यावर पाहिले. पाळणा म्हणताना बायकांचे आवाज मागेपुढे होत होते, आणि मी इथे हयात असल्याचा दाखला सांभाळत बसलो होतो.

त्यानंतरच्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे पुण्याला गेलो. रिवाजाप्रमाणे ओवाळणी मी घातली, पण परतताना टॅक्सीत माझ्याच मांडीवर एक भलेमोठे खोके होते. भाच्याने नवा कॉम्प्युटर घेतला होता. जुना, त्याच्या मते 'अजून धडधाकट' असलेला, त्याने मामाला दिला. त्यात विमान चालवण्याचा खेळ घालून दिला आणि टेबलाला चिकटवायची एक दांडीही. "मामा, भीती वाटते ना? मग स्वतःच चालवा. पडलात तरी लागत नाही." आजकालची मुले मामाशी बोलतात ती अशी.

खेळ म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. विमानविद्या शिकवण्यासाठी असे खोटे विमान पहिल्यांदा यशस्वी केले ते एडविन लिंक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, १९२९ साली. त्याच्या वडिलांचा बिंगहॅम्टनला ऑर्गन आणि यांत्रिक पियानो करण्याचा कारखाना होता. मुलाने त्या कारखान्यातले भाते आणि हवेचे पंप घेतले आणि त्यांवर एक छोटेसे लाकडी विमान बसवले. दांडी ओढली की भाता फुगे आणि विमान कले. थोडक्यात, आपल्या पेटीच्या भात्याचेच हे भावंड. सुरुवातीला जत्रेतल्या पाळण्यासारखा त्याचा उपयोग झाला. पुढे १९३४ साली अमेरिकेत टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांवर आले, वाईट हवेत अंधारात वाट चुकून त्यांतले कित्येक मेले, तेव्हा लष्कराने घाईघाईने यांतली सहा यंत्रे विकत घेतली. घरच्या कॉम्प्युटरवर ही करामत आणली ब्रूस आर्टविक याने. त्याचा पहिला खेळ १९७९-८०च्या सुमाराचा, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आपलासा केला. आता त्यात सगळी पृथ्वी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रचलेली असते. इमारतींची उंची यंत्र अंदाजाने ठरवते आणि अधूनमधून फसते. मेलबर्नच्या एका उपनगरात कुणीतरी नकाशात २ ऐवजी २१२ मजले टंकले होते, तर २०२०च्या आवृत्तीत तिथे सुळकन आभाळात गेलेला एक मनोराच उभा राहिला. लोक मुद्दाम विमाने घेऊन तो पाहायला जात.

पहिल्या रात्री मी अर्थातच घर शोधले. सापडले. आमच्या सोसायटीला यंत्राने दोन मजले जास्तीचे दिले होते (पुनर्विकासवाल्यांनी अजून दिलेले नाहीत), पण गच्चीवरची पाण्याची टाकी जागच्या जागी होती. शेजारच्या छपरांवर पावसाळ्यातली निळी ताडपत्रीसुद्धा होती. सौ.ला हाक मारली. ती हात पुसत आली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाली, "तुळस दिसत नाही."

उडणे सोपे निघाले. उतरणे जमेना. आणि माझी भीती उतरण्याचीच होती, म्हणून मी हट्टाने ढग आणि पाऊस लावून, बाहेरचे काही दिसणार नाही असे करून, नुसत्या यंत्रांच्या भरवशावर उतरण्याचा अभ्यास सुरू केला. त्याला इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम म्हणतात, बोलण्यात नुसते आय-एल-एस. विमान चार माणसांचे छोटे सेस्ना घेतले. घाटकोपरच्या मध्यमवर्गीयाला जंबो शोभत नाही.

यातली युक्ती कळली तेव्हा मी भाच्याला रात्री अकरा वाजता फोन केला होता. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकामागे एक अँटेना असतो. तो आपल्या दिशेने दोन झोत सोडतो. येणाऱ्याच्या डाव्या हाताच्या झोतात सेकंदाला ९० आवर्तनांचा स्वर भरलेला, उजव्या हाताच्या झोतात १५०चा. विमानातले यंत्र एवढेच पाहते, की दोन्हींतला कोणता जास्त आहे. दोन्ही सारखे झाले, की उभा काटा मधोमध येतो आणि तुम्ही धावपट्टीच्या सरळ रेषेत असता. तुमच्या लक्षात आले का? ९० हा षड्ज धरला, तर १५० हा शुद्ध धैवत होतो. म्हणजे मुंबईवर उतरणारा प्रत्येक वैमानिक सा आणि ध यांच्या बरोब्बर मधून खाली येत असतो, आणि त्याला ते ऐकूही येत नाही! भाचा म्हणाला, "मामा, झोपा."

उंचीसाठी निराळी सोय. धावपट्टी सुरू झाल्यावर साधारण ३०० मीटरवर, बाजूला, दुसरा अँटेना. त्याचेही तसेच दोन झोत, पण एक वर आणि एक खाली. त्यांची मधली रेघ जमिनीशी तीन अंशांचा कोन करते. तीन अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशेब केला, तर एकोणीस फूट पुढे जाताना एक फूट खाली, असा तो उतार आहे. बोरघाटात रेल्वेचा चढ सदतीसला एक आहे, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. आडवा काटा ही रेघ सांभाळतो. उभा काटा आणि आडवा काटा एकमेकांना मध्यावर छेदत ठेवायचे, वेग ९० नॉट ठेवायचा, मिनिटाला ४५० फूट खाली यायचे. झाले.

झाले म्हणजे काय झाले, तर मी खाडीत पडलो. मग घणसोलीत. मग पुन्हा खाडीत.

चूक अशी होत होती. काटा डावीकडे गेला, की मी विमान डावीकडे वळवी. काटा परत मध्ये येई तोवर विमान भरधाव पलीकडे. मग काटा उजवीकडे, मी उजवीकडे. आणि ही वाट नरसाळ्यासारखी असते. दहा मैलांवर ऐसपैस, जवळ येऊ लागले की निमुळती. लांब असताना जी चूक काट्याने हसून सोडून दिली, तीच दोन मैलांवर त्याला सहन होत नाही. मी दांडी हलवून हलवून घामाघूम होई. एका रात्री सौ. मागे उभी राहून पाहत होती. बराच वेळ पाहून म्हणाली, "तुम्ही पोळी सारखी सारखी उलटताय, म्हणून ती फुगत नाही. ठेवा की जरा तव्यावर."

वैमानिकी शिकवणाऱ्या पुस्तकात हेच दोन पाने लिहिले आहे. काट्याचा पाठलाग करू नका, एक दिशा धरा, दोन-तीन अंशांचाच फरक करा आणि वाट पाहा. मी वाट पाहिली. त्या रात्री पहिल्यांदा पारसिकच्या डोंगराकडून निघून, कोपरखैरण्यावरून, खाडीवरून मी सरळ आलो. (खाडीत रोहित पक्षी नव्हते, उपग्रहाला ते दिसत नसावेत.) हायवे गेला. सहाशे फुटांच्या आसपास आमचे घर गेले. स्टेशन, लालबहादूर शास्त्री मार्ग, टेकडीवरच्या झोपड्या, आणि ढगाच्या तळातून अचानक दिव्यांच्या दोन रांगा, लग्नघरच्या रोषणाईसारख्या. चाके टेकली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. सौ.ने तिची खुर्ची त्या रात्रीपासून माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. ती भाजी निवडत बसे. गवारीच्या शेंगा मोडता मोडता विचारी, "आता हा कसला आवाज?" "हे मध्येच काय थरथरलं?" मला वाटे, माझ्या करमणुकीत तिची करमणूक. मी फुगून उत्तरे देई.

जुलैतल्या त्या संध्याकाळचा उलगडा झाला तो याच खुर्चीत. साध्या आय-एल-एसने उतरताना धावपट्टीच्या वर २०० फुटांवर एक रेघ मारलेली असते. तिथे निर्णय करायचा. दिवे किंवा पट्टी दिसली, तर उतरायचे. नाही दिसली, तर रेंगाळायचे नाही, डोळे ताणायचे नाहीत, पूर्ण ताकद लावून वर जायचे. कुठे वळायचे, किती उंचीवर जायचे, हे उतरण्याच्या त्याच नकाशावर आधीपासून छापलेले असते. म्हणजे मी ज्याला मरण समजलो, ते छापील पान होते! आमचे घर ओलांडल्यावर माझ्या सेस्नाला ही रेघ पाऊण मिनिटाने लागते. मोठ्या विमानाला त्याहून लवकर. त्या वैमानिकाने रेघेपर्यंत येऊन पाहिले, दिसले नाही, तो वर गेला. मी पंधरा वर्षे त्याला मनातल्या मनात बोल लावत होतो. मागच्या रांगेतल्या त्या बाईंचा पत्ता असता, तर त्यांनाही कळवले असते.

दिसले असे वाटणे आणि दिसणे यांत किती अंतर असते, याचे दाखले आमच्याच आसपास आहेत. जुहूची छोटी धावपट्टी मोठ्या विमानतळाच्या ऐन पश्चिमेला आहे. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ती हीच. जुलै १९५३मध्ये एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझ समजून तिथे उतरले. नऊ दिवसांनी ते हलके करून उडवून न्यावे लागले. सप्टेंबर १९७२मध्ये जपानचे एक डीसी-८ तसेच जुहूवर उतरले आणि पट्टी संपल्यावरही पुढे गेले. दोन्ही वेळी डोळ्यांना धावपट्टी दिसली होती. फक्त ती दुसरी होती.

मुंबई साधल्यावर माझी भीड चेपली आणि मी तीर्थयात्रेला निघालो. सगळ्यांत जास्त रात्री खाल्ल्या त्या हाँगकाँगच्या काइ टाक विमानतळाने. हा विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला, पण खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत तो आहे. तिथली १३ क्रमांकाची पट्टी समुद्रात घुसलेली, आणि येण्याच्या वाटेवर डोंगर. म्हणून तिथला काटा तुम्हाला धावपट्टीकडे नेतच नसे. तो नेई एका टेकडीकडे. टेकडीवर लाल-पांढऱ्या चौकटींचा बुद्धिबळाचा पट रंगवलेला. ढगांतून काटे सांभाळत त्या पटावर चालून जायचे, तो दिसला की काटे सोडून द्यायचे आणि हाताने उजवीकडे ४७ अंश वळायचे. पंखाखाली कौलूनच्या गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. वळण संपते न संपते तोच पट्टी, आणि पट्टीच्या शेवटी पाणी. जंबो विमाने दिवसभर हे करत. माझे छोटे सेस्ना अकरा वेळा टेकडीला लागले. बाराव्या वेळी उतरले तेव्हा सौ. म्हणाली, "इथल्या बायका कपडे कशा वाळवत असतील हो? डोक्यावर हे." मग तिला काय आठवले कुणास ठाऊक, वर पाहून हसली. आमच्याही डोक्यावरून एक चालले होते.

शिकागोचा मेग्ज फील्डही असाच. कित्येक वर्षे हा खेळ उघडला, की माणूस आधी तिथेच उभा असे, तळ्याच्या काठी. मार्च २००३च्या शेवटी एका रात्री महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून ठेवल्या. आता तिथे उतरायला घरचा जुना कॉम्प्युटर लागतो. गिरगावातली आमची जुनी चाळ कुणी अशी जपून ठेवली असती, तर मी जिन्यावर सुद्धा उतरलो असतो.

आणि मग पिट्सबर्ग. तिथे अलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांचा संगम होऊन ओहायो नदी निघते. शिवाय त्या गावाचा या विद्येत मान मोठा आहे. डूलिटल या वैमानिकाने १९२९ साली न्यूयॉर्कजवळ बैठकीवर कापडी झाकण ओढून, बाहेरचे काही न पाहता विमान उडवून उतरवून दाखवले; पण उतारू घेऊन जाणारे नेहमीच्या फेरीचे विमान या पद्धतीने पहिल्यांदा उतरले ते २६ जानेवारी १९३८ रोजी, पिट्सबर्गला, हिमवादळात. मी खेळात तोच हिमवर्षाव लावी. शहर डाव्या हाताला, खाली ओहायो, पुढे २८ क्रमांकाची पट्टी. महिनाभर रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघे लेकीच्या गावाला जात होतो. एका रात्री उतरल्यावर सौ. एवढेच म्हणाली, "इथून तिचं घर पंचवीस मिनिटं." दुसऱ्या दिवशी मी तिकिटे काढली.

प्रवासाचे वर्णन करत नाही. लंडनला विमान बदलले, पाय सुजले, सर्वांचे होते तेच झाले. पण फेब्रुवारीच्या त्या दुपारी पिट्सबर्ग जवळ आले आणि खिडकी पांढरी झाली. मी डोळे मिटले नाहीत. फ्लॅप्स निघाल्याचा घरघराट ऐकला, चाके उतरल्याचा धप्प आवाज ऐकला आणि मनात काटे मांडले. सोळाशे फूट, पाच मैल. हादरे बसत होते. सौ.ने माझा हात धरला. मी तिला धीर देण्यासाठी म्हणालो, "काही नाही गं, ढग आहेत."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी इथंच वर गेलं होतं."

"काय वर गेलं होतं?"

"विमान. अगदी खाली आलं होतं, आणि मग तुमच्या नागपूरच्यासारखं. शेजारी एक गोरी म्हातारी होती, तिचाच हात धरला मी."

तीन वर्षांत हे तिने कधी सांगितले नव्हते. तसे मी म्हणालो.

"सांगणार होते. उतरल्या उतरल्या फोन केला, तर तुम्ही पहिलं काय विचारलंत? गीझरचं बटण कुठलं म्हणून."

यावर मला काही सुचले नाही. बाहेर पांढरे फाटले, दिव्यांच्या रांगा आल्या, बर्फ झाडून काढलेली काळी पट्टी आली आणि चाके टेकली. लोकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. तिने हात लगेच सोडला नाही. गवारीच्या शेंगा मोडताना ती कोणकोणते आवाज विचारत होती, ते मी एकेक करून आठवत राहिलो.

नातू दोन वर्षांचा होता. मला पाहून त्याने आजीच्या पदरात तोंड लपवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर काढले नाही. ते माझे मीच कमावलेले होते.

मेअखेर परत आलो. घराला कुलूप होते तेवढ्या दिवसांत कॉम्प्युटरवर बोटभर धूळ बसली होती. पावसाळा सुरू झाला. एका रात्री जेवणानंतर मी खुर्ची ओढली, तर सौ. म्हणाली, "सरका. आज मी बसते."

तिने पिट्सबर्ग घेतले, ढग खालचे घेतले आणि बर्फ भरपूर घेतले. दांडी तिने पळीसारखी दोन बोटांत धरली होती. काटे जवळजवळ हललेच नाहीत. हजार फूट, पाचशे, तीनशे. पडदा पांढराच. वर घाटकोपरचे खरे विमान गरजत गेले, तिने मान वळवली नाही. दोनशे फूट आले. दिवे दिसत नव्हते. मला वाटले, अजून जरा थांबेल, दिसतील.

"वर," ती म्हणाली, आणि तिने पूर्ण ताकद लावली. मी शेजारून फ्लॅप्स एक घर वर घेतले.